दादीच्या बालपणीचा ताप

आमच्या तांड्यात माणूस लांबून आलं की बायका त्याच्या गळ्यात पडून रडतात. डोळ्यांच्या कडा टिपण्याचं शहरी रडणं नव्हे. सुरात, मोठ्यानं, गेलेल्या माणसांची नावं घेत, मधल्या काळात काय काय घडलं ते सांगत रडायचं. हनुवटी समोरच्याच्या खांद्यावर आणि तोंड त्याच्या कानापाशी. नातं जितकं जवळचं तितकं हे रडणं लांबतं. आम्ही याला भेट म्हणतो. भेट न घेता कोणी सरळ घरात शिरलं, तर ते नातं तोडायला आलंय असंच धरून चालतात. पुण्यात माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली होती आणि मी तिच्याशी आठवडाभर अबोला धरला होता.

आणि दोन हजार नऊच्या श्रावणात मीच जीपमधून उतरल्या उतरल्या ओरडले, "कुणी जवळ येऊ नका! लांब राहा!"

समोर माझी दादी होती, भिकाबाई. वय ऐंशीच्या घरात, पण अजून आरसे जडवलेली काचळी आणि नाणी लावलेली ओढणी अंगावर वागवणारी. आई-बाप आम्ही लहान असतानाच गेले. मला आणि माझ्या भावाला, सुदामला, हिनंच वाढवलं. ती दोन्ही हात पसरून पुढे येत होती, पहिला सूर लागलाही होता. माझ्या ओरडण्यानं तो अर्ध्यावर तुटला. मागच्या बायका जागच्या जागी थबकल्या. दादीचे हात थोडा वेळ तसेच हवेत राहिले, मग तिनं ते हळूच खाली घेतले आणि ओढणी सारखी करत पाठ फिरवली.

"शहरात जाऊन माणूस इटाळ पाळाया लागलं," कोणीतरी मागून म्हणालं.

मला संताप आला. विटाळ कसला डोंबलाचा! मी पुण्याहून आले होते आणि पुणं त्या दिवसांत बंद पडलं होतं. शाळा बंद, सिनेमा बंद, रस्त्यावर जो तो तोंडाला रुमाल बांधून. स्वाइन फ्लूनं माणसं मरत होती, आणि सरकारी दवाखान्यापुढे तपासणीच्या रांगा लागल्या होत्या. मी एका खासगी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करायची. सुदाम बांधकामांवर सेंट्रिंगचं. आमची कामं थांबली आणि तांड्यात तीज सुरू झाली होती. तिजेला पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात. त्या दिवसांत घरी नसलं की जीव कासावीस होतो. शिवाय सुदामची बायको, माझी भोजाई शिला, सात महिन्यांची पोटुशी होती. सुदामला कोण थांबवणार?

मी लांब उभी राहिले. सुदाम मात्र हसत हसत घुसला आणि दिसेल त्याच्या गळ्यात पडला. प्रवासभर त्याचा घसा खवखवत होता. रात्रीच्या बसमधल्या एसीनं, असं तो म्हणत होता.

"आरं, निदान शिलापासून तरी लांब झोप," मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. "शेतातल्या खोपटात जा."

"सा महिन्यांनी बायकोचं तोंड पाहून राहिलो अन् खोपटात झोपू? तू येडी झालीस, मिना."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तापानं फणफणला.

आता हे प्रकरण काय आहे ते सांगते, कारण तांड्यात ते मी इतक्यांदा सांगितलं की माझं मलाच पाठ झालं. लॅबमधल्या आमच्या मॅडमनी साथ आल्यावर सगळ्यांना बसवून समजावलं होतं. या विषाणूच्या अंगभर दोन जातींचे काटे असतात. एक जात आकड्याची. त्यानं तो आपल्या घशातल्या पेशीला धरतो आणि आत शिरतो. आत त्याची पिलावळ तयार होते, पण बाहेर पडताना ती पेशीच्या अंगालाच चिकटून बसते. तिथे दुसऱ्या जातीचा काटा कामाला येतो, तो म्हणजे कात्री. ती चिकटलेलं तोडते आणि पिलावळ मोकळी होऊन शेजारच्या पेशीकडे, नाहीतर खोकल्याबरोबर शेजारच्या माणसाकडे निघते. नुसता आकडा असून भागत नाही, नुसती कात्री असून भागत नाही. दोन्हींचा मेळ जमला की साथ फिरते. सरकारी दवाखान्यात जी गोळी मिळत होती ती या कात्रीलाच जाम करते. म्हणून ती लवकर द्यायची, पिलावळ सगळीकडे पसरायच्या आत.

दादी शेळ्यांच्या केसांत अडकलेली गोखरू काढते ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. गोखरूला धरता येतं, सुटता येत नाही. याला दोन्ही येतं, एवढाच काय तो फरक.

सुदामला मी ओढतच खोपटात नेऊन टाकलं. तो गडी दणकट, तीन-चार दिवसांत उठून बसला. पण तोवर तांड्यात आणखी दोघंतिघं खोकू लागली होती आणि आमच्या नायकांनी, थावरा नायकांनी, बैठक घेतली.

थावरा नायक वाईट माणूस नाहीत. तांड्याचं भलं बघणारे, पण एकदा बोलले की बोलले. चिकनगुनियाच्या साली म्हातारी माणसं हालचालीविना महिनोन्‌महिने पडून राहिली होती, त्यातली काही उठलीच नाहीत. ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

"साथ आली की पयले म्हातारे जातेत," ते म्हणाले. "आपली म्हातारी माणसं म्हंजे आपली पोथी. सगळ्यायला सेवालाल महाराजाच्या मंदिरात ठिवा. जेवण दारात ठिवून यायचं. आजाऱ्याची उठबस तरण्या पोरी करतील."

सगळ्यांना पटलं. कोणालाही पटेल असंच होतं ते. माझीही मान हलली. दादीची बाज मंदिराच्या सभामंडपात गेली, केशरबाईची गेली, आणखी चारपाच जणींची गेली. दादी माझ्याकडे न बघता गेली. मी आल्यापासून तिनं माझ्याशी एक शब्द बोललेला नव्हता. मी पाणी दिलं तर ती दुसऱ्या कुणाला तरी म्हणायची, "तांब्या तिथं ठिवा म्हनावं."

मग शिलाला ताप आला.

सकाळी ती भाकरी थापता थापता म्हणाली, "वन्स, माह्या अंगात कसकस करून राहिलं." संध्याकाळपर्यंत तिला उभं राहवेना. तिजेच्या पोरी पाळीपाळीनं तिच्याजवळ बसू लागल्या. कुणी डोक्यावर पट्टी ठेवतंय, कुणी पेज भरवतंय, कुणी पाय चेपतंय. सतरा-अठरा वर्षांच्या, हसऱ्या, दणदणीत पोरी. तिथून उठून त्या सरळ गव्हाच्या टोपल्यांपाशी जायच्या आणि एकमेकींच्या कमरेत हात घालून नाचायच्या. मी त्यांना हाकलत होते, त्या मला चिडवत होत्या.

"मिनाबाई, तुमचा तो आकडा आमाला काय करतंय? आमी काय म्हाताऱ्या हाव?"

तेव्हा मॅडमच्या बोलण्यातला दुसरा भाग मला नीट आठवला. या गडबडीत तो कुठे गेला होता कोण जाणे.

मॅडम म्हणाल्या होत्या, आपलं शरीर आकड्याचा चेहरा लक्षात ठेवतं. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी दारातच अडवतं. म्हणून हा आकडा दर साली थोडा थोडा चेहरा बदलत राहतो. पण या वेळचा आकडा नवा नाही, फार जुना आहे. एकोणीसशे अठराच्या मानमोडीच्या साथीत जो आकडा होता तो माणसांत फिरत फिरत, बदलत बदलत पार वेगळा होऊन गेला. त्याचाच एक भाऊबंद डुकरांत राहिला आणि तिथे त्या मानानं कमी बदलला. आता तो परत माणसांत आला आहे. तरण्या पोरांना तो अगदीच परका. पण जी माणसं मानमोडीनंतरच्या दहावीस वर्षांत लहान होती, त्यांना बालपणी असलाच ताप येऊन गेला असेल. त्यांच्या अंगात याची ओळख असू शकते.

असू शकते. हा शब्द मॅडमनी दोनदा उच्चारला होता. साठीच्या पुढच्या तिघांतल्या एखाद्याच्या रक्तात तशी खूण सापडते, माणूस जितकं जुनं तितकी आशा जास्त. आणि सगळ्यात जास्त धोका कुणाला, तर पोटुशी बाईला.

म्हणजे आम्ही सगळं उलटं करून बसलो होतो. ज्यांना कदाचित काही झालं नसतं त्यांना मंदिरात जपून ठेवलं होतं, आणि ज्यांना धोका त्यांना आजाऱ्याच्या उशाशी बसवलं होतं. मायेपोटी. म्हाताऱ्यांना पोथीसारखं जपणारा आमचा तांडा, त्यानं दुसरं केलं तरी काय असतं!

मी नुसती येरझारा घालत राहिले. घरातून टेकाडावर, टेकाडावरून घरात. आमच्याकडे मोबाइलला रेंज फक्त त्या टेकाडावर यायची. मॅडमना फोन लावला, लागला नाही. परत लावला, कुणी उचलला नाही. हातपाय मोडून आले होते, जागरणाचं असेल म्हणून सोडून दिलं. परत घरी आले तर शिलाचा श्वास दारापर्यंत ऐकू येत होता. आमच्याजवळच्या गोरेगावच्या डॉक्टरनं सुई दिली होती, तिचा काही उपयोग दिसेना. ओठांचा रंग उतरला होता. ती दोन शब्द बोलायची आणि दम खायची.

"शिला, हिंगोलीला जायचं. आजच. तिथं गोळी मिळते, ऑक्सिजन मिळतो."

"न्हाई." तिनं पोटावर हात ठेवला. "तिथं नेलेलं माणूस... कोंडून ठिवतेत. माह्या लेकराला..."

"कुणी कोंडत न्हाई गं! मी सांगते ना!"

"तू तर दादीलाबी शिवली न्हाईस," शिला म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. "दादी संगं आली... तर जाते. दुसऱ्या कुणासंगं न्हाई."

शिलाला माहेर असून नसल्यासारखं. लग्न होऊन आली तेव्हापासून दादीच तिची आई. आणि मी काय करणार होते? सुदामला संगं पाठवता येत होतं, तो या तापातून नुकताच उठलेला, त्याच्या अंगाला आकड्याची ओळख पटलेली. पण शिला त्याचंही ऐकायला तयार नव्हती. "दादी" एवढाच तिचा हट्ट.

मी सुदामला जीप बघायला पिटाळलं आणि मंदिराकडे धावले. सभामंडपाबाहेर थावरा नायक बसले होते, पहारा दिल्यासारखे.

"दादीला शिलासंगं हिंगोलीला न्यायचंय," मी म्हणाले.

"काय?"

"शिला तिच्याबिगर जायाला तयार न्हाई. अन् नायक, आपलं उलटं झालंय. हा ताप जुना हाय. दादीच्या लहानपणचा. म्हाताऱ्या माणसायला त्याची ओळख असती. तरण्या पोरी मागं घ्या, अन् ज्या म्हाताऱ्यायच्या अंगात ताकद हाय त्यायला आजाऱ्यापाशी बसू द्या."

थावरा नायक उठून उभे राहिले. "ऐंशी वर्साच्या बाईला तापाच्या खोलीत ढकलतीस? जिनं तुला वाढवली तिला?"

"ढकलत न्हाई..."

"बराबर सांग मला. तिला काय होनार न्हाई, अशी खातरी देतीस?"

मला खोटं बोलता आलं असतं. शिलाचा श्वास अजून कानात होता आणि एक "हो" म्हटलं की काम झालं असतं. पण मला ते जमलं नाही, आणि स्वतःचाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"खातरी न्हाई," मी म्हणाले. "आशा हाय."

"आशेवर माणूस देत न्हाई आमी," थावरा नायक म्हणाले. त्यांचंही चुकीचं नव्हतं, आणि म्हणून मला ते त्या वेळी शत्रूसारखे वाटले.

आतून नाण्यांचा आवाज आला. दादी खांबाला धरून उठली होती. कितीतरी दिवसांनी तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"काय म्हनतीस ते मला सांग," ती म्हणाली. "नायकाला न्हाई. मला."

मी लांबूनच सांगितलं. गोखरूचं सांगितलं, कात्रीचं सांगितलं. विचारलं, "दादी, मानमोडी ठाव हाय का तुला?"

"माह्या मायला ठाव व्हती. तिचे दोन भाऊ त्याच्यात गेले. मी मागून झाले." ती आठवत राहिली. "पन मी लेकरू असताना तसला ताप तांड्यात फिरून फिरून यायचा. माय म्हनायची, मानमोडीची शेपटी हाय. मी एकदा लई पडले व्हते, जोंधळ्याच्या सुगीत."

"तोच, दादी. तोच असंल. तुझ्या अंगाला त्याची ओळख असंल."

"असंल?"

"असंल," मी म्हणाले.

दादी पायऱ्यांपर्यंत आली. थावरा नायक "भिकाबाई" म्हणून आडवे आले, तिनं हातानंच त्यांना बाजूला केलं. शेवटच्या पायरीवर थांबून ती मला म्हणाली, "मी शिलाबरोबर जाते. पन आधी भेट."

मला कळलंच नाही.

"आल्यापासून तू माह्या गळ्यात पडली न्हाईस. आता म्हनतीस, मला काय होत न्हाई. मग ये की. शिवायला भितीस अन् आजाऱ्याच्या उशाशी पाठवतीस, हे कसं गं? भेट घे, मग मी जीपमधी बसते."

तिथे थावरा नायक होते, आतल्या म्हाताऱ्या उठून बघत होत्या, केशरबाईनं तर पदर तोंडात धरला होता. मला हलता येईना. आकडा, कात्री, मानमोडी, डुकरं, सगळं मी घडाघडा सांगितलं होतं, आणि आता दादी चार हातांवर उभी होती तर पाय उचलत नव्हता. माझा माझ्याच बोलण्यावर किती विश्वास आहे ते त्या वेळी मला दिसलं. फार नव्हता. पण दुसरीकडे शिला होती आणि तिचं ते पोट.

मी तोंडाला बांधलेली ओढणी आणखी घट्ट आवळली आणि जाऊन दादीच्या गळ्यात पडले.

दादीनं पहिला सूर धरला, तो वेशीवर अर्धा राहिलेला. माझ्या आईचं नाव घेतलं, बापाचं घेतलं. पोर पुण्याला गेली, पोरीनं कुणाचं ऐकलं नाही, पोर परत आली आणि दारात परकी झाली, असं सगळं ती माझ्या कानापाशी सुरात सांगत राहिली. मला वाटलं होतं मी नुसते खोटे खोटे हुंदके देईन, शहरात राहून माझा सूर कधीच गेला होता. पण घशातून जे निघालं ते माझं मलाच ओळखू आलं नाही. मी मोठ्यानं, लाज सोडून रडले. तिच्या काचळीचे आरसे माझ्या गालात रुतत होते. ती मला सोडत नव्हती, आणखी घट्ट धरत होती, एक हात माझ्या मानेवर ठेवून.

मग तिनंच सूर आवरला. "चल," ती म्हणाली. "जीप कुठं हाय?"

भाड्यानं जीप चालवणाऱ्या रामकिशनची जीप सुदामनं गोरेगावहून आणली. मागच्या बाजूची ताडपत्री काढून टाकली, वारा खेळता राहावा म्हणून. शिलाचं डोकं दादीच्या मांडीवर, सुदाम पायापाशी. मी चढायला लागले तर दादीनं हात आडवा धरला.

"तू तरनी हाईस. तुझाच कायदा हाय ना?"

जीप धूळ उडवत गेली आणि मी तिथेच उभी राहिले.

त्याच संध्याकाळी माझे पाय लटपटायला लागले आणि रात्र व्हायच्या आत ताप चढला. मी स्वतःहून खोपटात गेले, सुदामच्याच गोधडीवर पडले. गावात आरोग्य केंद्राची माणसं आली, मलाही गोळ्या मिळाल्या. आता माझ्या आत कात्री जाम होते आहे, असं मी स्वतःला सांगत होते, पण लक्ष कुठे त्यात होतं! मी दादीच्या गळ्यात पडले, त्या वेळी हा ताप माझ्यात होता का नव्हता? होता. असणारच. एवढ्या लवकर चढला म्हणजे सकाळपासूनच असणार. म्हणजे मी तिला वाऱ्यावरची भीती नाही, खराखुरा विषाणू कानापाशी तोंड नेऊन दिला होता. आणि वर तिला हिंगोलीला पाठवलं होतं, त्याच तापाच्या वॉर्डात. तिघांतला एक. मला तो हिशेब झोपू देईना. दादी त्या एकात असेल की उरलेल्या दोघांत?

फोन टेकाडावर लागायचा आणि मला टेकाड चढवत नव्हतं. सुदामचा निरोप पोरी टेकाडावरून घेऊन यायच्या आणि लांब बांधावर उभ्या राहून ओरडायच्या. आता त्या जवळ येत नव्हत्या, माझी थट्टाही करत नव्हत्या. त्यांच्यातल्या दोघी तापानं झोपल्या होत्या आणि तिजेच्या टोपल्या या खेपेला नाचण्याविनाच उचलल्या गेल्या.

"शिलाला नळी लावली!"

"दादी?"

"दादीचं काय सांगितलं न्हाई!"

मी चिडून दगड उचलला, फेकायची ताकद नव्हती म्हणून खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी परत.

"शिलानं पेज खाल्ली! लेकरू हालून राहिलं म्हणे!"

"अगं, दादी खोकती का? विचारा ना! कान फुटलेत का तुमचे?"

"नायकानं सोता इचारलं! सुदामभाऊ म्हनला, दादी नर्सबाईला शिव्या देऊन राहिली!"

मी गोधडीत तोंड खुपसून हसले आणि त्या हसण्यानं खोकल्याची उबळ आली. पण शिव्या देणारं माणूस उद्या अंथरूण धरणार नाही असं थोडंच आहे? परत चिंता. प्रत्येक दिवस असा गेला. शिलाच्या घशातला नमुना तपासायला पुण्याला गेला होता. आम्ही पुण्याहून आणलेली गोष्ट परत पुण्याला. त्याचा निकाल यायच्या आधीच तिचा ताप उतरला.

एका दुपारी मला बरंच हलकं वाटत होतं. खोपटाच्या दारात ऊन घेत बसले होते, सोयाबीनवर वारा होता. तेवढ्यात जीपचा आवाज आला, तो तांड्याकडे गेला आणि थांबला. मग बायकांचा सूर ऐकू आला. एकीचा नाही, चारपाच जणींचा, सगळे जुने, फाटलेले आवाज. थावरा नायकांनी तरण्यांना मागे ठेवून म्हाताऱ्यांना पुढे जाऊ दिलं होतं. केशरबाईचा आवाज मी ओळखला. त्या शिलाला घेत होत्या, पोटातल्या लेकरासकट. मी बसल्या जागी ऐकत राहिले. दादीचा आवाज मात्र त्यात नव्हता. कितीही कान दिला तरी नव्हता.

मग बांधावरून नाण्यांचा आवाज आला.

दादी येत होती. काठी नाही, कुणाचा हात नाही. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. आली, दारात टेकली, धाप लागली होती ती चालण्याची. मी तिचं तोंड, डोळे, छाती सगळं निरखत होते.

"खोकला?"

"न्हाई."

"ताप?"

"न्हाई गं बाई. शिला बरी हाय. लेकरू लाथा मारून राहिलं." तिनं फडकं सोडलं. "तुला काय झालं ते मला तवाच कळलं व्हतं."

"कवा?"

"मंदिराच्या पायरीवर. तू गळ्यात पडलीस तवा तुही मान चुलीवरून उतरवलेल्या तव्यावानी व्हती. रडून तापलीस म्हनावं, तर रडायच्या आदीच व्हती."

मला तिचा तो मानेवरचा हात आठवला, आणि तिनं तेव्हाच मला आणखी घट्ट धरलं होतं तेही.

"दादी! तुला कळलं व्हतं तर मला सोडलं काहून न्हाई? ढकलून द्यायचं की! मी सांगितलं ते खरं निघालं नसतं तर?"

"तुहा आकडा अन् कात्री मला काय कळत न्हाई, मिना. तू खरं बोललीस का खोटं, तेबी कळलं न्हाई. शिलानं बोलावलं व्हतं, मी जानारच व्हते. नायकानं दोरीनं बांधलं असतं तरी." तिनं भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला.

"मग भेटीचा हट्ट काहून धरलास?"

दादी सोयाबीनकडे बघत म्हणाली, "परत आले नसते तर? तुही भेट ऱ्हाऊन गेली असती. जल्मभर रडली असतीस एकटी."

मी भाकरी खाली ठेवली आणि दादीकडे दोन्ही हात पसरले.